अठ्ठाविसावी कडी

पोसियोत मार्च म्हणजे
खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ,
आणि आमच्या घराला दक्षिणेची खिडकी एकच.
तीत ट्रे मावतात दोन.
माझ्या रोपांचे ट्रे आठ.

दर तासाला मी उठायचे,
खालचा वर, वरचा खाली.
गुडघे माझ्याआधी बोलायचे.
तौनो पेपराआडून म्हणाला,
"हे काम साखळीचं आहे, आउने. माणसाचं नव्हे."

साखळीतलं त्याला कळतं.
एकतीस वर्षं तो लाकडाच्या गिरणीत
ओंडके ओढणाऱ्या साखळीशेजारी उभा होता.
गिरणी बंद झाली त्या संध्याकाळी घरी आला,
बूट काढले आणि म्हणाला,
"किती शांत आहे इथं."
पुढं कितीतरी दिवस तेवढंच म्हणत राहिला.

साखळ्या चार सायकलींच्या.
एक शेजारच्या हिल्काची, एक भंगारातली,
एक माझी (मला विचारलं नाही;
उन्हाळ्यात नवी घेऊ म्हणे),
आणि एक यार्मोची,
जी तो ओउलूला जाताना शेडच्या भिंतीला
टेकवून गेला होता,
लगेच परत येणार असल्यासारखी.
तिची साखळी सगळ्यांत कमी झिजलेली निघाली.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मोटर एका लाडा गाडीच्या वायपरची.
दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर
दातेरी चाकं, ग्रीस, पिना.
कडीतली पिन ठोकून बाहेर, जोडून पुन्हा आत.
पावाच्या प्रत्येक तुकड्यावर काळा अंगठा.
दोन्ही बाजूंना दोनशे चोवीस कड्या,
दर अठ्ठाविसाव्या कडीला एक ट्रे लटकता,
जत्रेतल्या पाळण्यात माणसं बसतात ना,
पाळणा फिरतो आणि ती सरळच राहतात, तसा.

शनिवारी सौना तापत असताना
त्यानं बटण दाबलं.
पहिला ट्रे वर गेला, वळला, उतरला.
दुसरा. तिसरा.
चौथा माथ्यावर अडला, कुरकुरला,
आणि टोमॅटो, माती, बर्फीच्या काड्यांवर
मी लिहिलेली नावं
सगळं माझ्या पायांवर.

तौनो खुर्चीत बसला.
हात मांडीवर उताणे.
त्या दिवशी सौनात आम्ही पाणी ओतलं फक्त.

रात्री झोप येईना, म्हणून मी
विणायची लाल लोकर घेतली
आणि खिडकीपाशी जमिनीवर बसले.
गिरणीत मी कधी गेले नाही,
पण स्वेटरची एक बाही तिरकी जाते
तेव्हा चूक कुठं शोधायची, ते माहीत आहे.
डाव्या साखळीत अठ्ठावीस मोजून एक गाठ.
पुन्हा अठ्ठावीस, पुन्हा गाठ.
मग उजवी.
चौथ्या गाठीशी सत्तावीस.

एकच कडी.
तेवढ्यानं ट्रे तिरका, तिरका म्हणून जाम,
जाम म्हणून उलटा.

सकाळी त्याला दाखवलं.
त्यानं गाठीवरून बोट फिरवलं, चष्मा काढला, पुसला.
"गिरणीत तू हवी होतीस," म्हणाला.
"मला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

आता ते फिरतं.
एका फेरीला चाळीस मिनिटं.
यार्मोची साखळी जिथं माझ्या साखळीला जोडली आहे
तो जोड चाकावर आला की
टक् असा आवाज होतो.
तौनोला तो तेल घालून बंद करता येईल.
घालत नाही.

लोकर मी सोडली नाही.
लाल गाठी वर जातात, खाली येतात,
हिल्का विचारते, ही कसली सजावट?

पाचव्या ट्रेमधली मिरची उगवलीच नाही.
काढून टाकते म्हटलं तर तौनो ओरडला,
"राहू दे, एका बाजूला भार जाईल!"
म्हणून ती नुसती माती
बाकीच्यांच्या बरोबरीनं उन्हात येते,
तिचा वेळ थांबते, पुढं सरकते.
पाणी घालताना
मी तिलाही थोडं घालते.